नैनीतालची निवड

आमचे एक स्नेही गेल्या वर्षी दिल्लीतील नोकरीतून निवृत्त झाले. चाळीस वर्षे त्यांनी राजधानीची धूळ आणि उन्हाळा सोसला. आता उरलेले आयुष्य एखाद्या पहाडी गावात घालवावे, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. ते स्वभावाने काटेकोर असल्यामुळे त्यांनी एका मोठ्या कागदावर रकाने आखले, आणि हिमालयातील सात-आठ गावांची नावे लिहून प्रत्येकापुढे उंची, थंडीचे मान, जवळचे रुग्णालय, रेल्वेस्थानकापासूनचे अंतर व जमिनीचा भाव अशी सर्व माहिती भरली. तो कागद माझ्यापुढे पसरून ते म्हणाले, "तुम्ही इतिहासाचे अभ्यासक. ह्यांतले कोणते गाव निवडावे ते सांगा."

त्या कागदावरील बहुतेक नावे मला एका विशिष्ट कारणाने परिचित होती. मसुरी, सिमला, नैनीताल, राणीखेत, दार्जिलिंग, ही सारी गावे अशाच कोणी तरी, अशाच प्रकारे निवडलेली आहेत. डोंगरातल्या माणसाने ती वसविली नाहीत. मैदानातील उष्म्याने त्रासलेल्या परक्या माणसाने ती हेरली, पसंत केली आणि वसविली. तेव्हा कोणते गाव चांगले, ह्या प्रश्नाआधी मला दुसराच प्रश्न सुचला. तो असा की, ही स्थळे इतकी रम्य व आरोग्यकारक असताना दोनशे वर्षांपूर्वी तेथे कोणीच का राहत नव्हते?

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने नैनीतालच्या बाबतीत उभा राहतो. म्हणून त्याच एका गावाच्या निवडीची कथा येथे सांगावयाची आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. नेपाळशी झालेले युद्ध १८१६ साली संपले आणि कुमाऊँ, गढवालचा काही भाग व सतलजपर्यंतचे पहाड ह्यांवर इंग्रजांचे वर्चस्व स्थापन झाले. पुढे दोनच वर्षांनी, १८१८ साली, पेशवाई बुडाली आणि सह्याद्रीही त्यांच्या ताब्यात आला. मैदानातील छावण्यांत गोरे शिपाई पटकीने व हिवतापाने शत्रूच्या गोळ्यांपेक्षा अधिक संख्येने मरत होते. त्यांना हवापालटासाठी विलायतेस पाठविणे म्हणजे वर्षभराचा खोळंबा आणि अफाट खर्च. थंड हवेची जागा देशातच मिळाली तर सरकारला हवीच होती. म्हणून पुढील पंचवीस वर्षांत हिंदुस्थानातील जवळजवळ प्रत्येक उंच डोंगरावर कोणी ना कोणी साहेब थर्मामीटर घेऊन चढलेला दिसतो.

जागा मिळविण्याच्या पद्धती मात्र सारख्या नव्हत्या. आपल्या महाबळेश्वराचे उदाहरण मराठी वाचकास ठाऊकच आहे. लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी १८२४ साली तेथे चढला, १८२८ साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्याने ते ठिकाण पसंत केले, आणि १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज ह्यांच्याशी करार होऊन वाईकडील खंडाळा गावाच्या मोबदल्यात ती जागा कंपनीस मिळाली. निदान कागदावर तरी तो दोन सत्ताधीशांतील अदलाबदलीचा व्यवहार होता. ज्या राजाकडून ती जागा घेतली त्यालाच दहा वर्षांनी पदच्युत करून काशीस धाडले, ही गोष्ट वेगळी. १८३५ साली सिक्कीमच्या राजाने दार्जिलिंगचा डोंगर मैत्रीखातर दिल्याचा लेख लिहून दिला. त्या मैत्रीची किंमत म्हणून १८४१ पासून त्यास वर्षाला तीन हजार रुपये मिळू लागले, आणि १८४९ साली त्याच्या दरबाराशी बखेडा झाल्यावर तेही बंद झाले. अदलाबदलीपासून आपण देणगीपर्यंत आलो. नैनीतालला ह्याच्याही पुढची पायरी दिसते.

कुमाऊँचा कारभार १८१५ पासून १८३५ पर्यंत प्रामुख्याने जॉर्ज विल्यम ट्रेल ह्या एकाच अधिकाऱ्याच्या हाती होता. माणूस मोठा चालणारा. सारा मुलूख त्याने पायांखाली घातला होता. विक्रम संवत् १८८०, म्हणजे इसवी सन १८२३, ह्या वर्षी त्याने गावोगावच्या सीमा ठरविल्या. ह्या बंदोबस्तास कुमाऊँत 'सन अस्सी'चा बंदोबस्त म्हणतात, आणि जमिनीच्या व जंगलाच्या तंट्यांत त्याचा हवाला पुढे कित्येक पिढ्या दिला गेला. नैनीतालचे सरोवर ट्रेलने त्याच सुमारास पाहिले होते, असे परंपरेने मानले जाते. तो बोलला मात्र नाही. आपल्या देशबांधवांना त्या जागेची वार्ताही लागू नये अशी त्याने दक्षता घेतली, असेच सर्व जुने लेखक सांगतात. डोंगरातील लोक त्या सरोवरास पवित्र मानीत आणि तेथे बाहेरच्या माणसांचा सुळसुळाट व्हावा हे त्यांस रुचणार नाही, हे तो जाणून होता. साम्राज्याचा एक अधिकारी एक सुंदर जागा ठाऊक असूनही वीस वर्षांच्या नोकरीत तिच्याविषयी मौन पाळतो, ही घटना मला त्या काळाच्या इतिहासात फार दुर्मीळ वाटते. शोध लावणाऱ्यांची नावे आपण पाठ करतो. न सांगणाऱ्यांची नोंद कोण ठेवणार?

सरोवर पवित्र होते म्हणजे काय होते? पुराणकथा अशी की अत्री, पुलस्त्य व पुलह हे तीन ऋषी तेथे आले असता त्यांस पाणी मिळेना, तेव्हा त्यांनी खड्डा खणून त्यात मानससरोवराचे जल आणले. म्हणून ह्याचे नाव त्रिऋषिसरोवर. सतीचे नेत्र येथे पडले म्हणून नैनादेवी, अशी दुसरी कथा. वर्षातून एकदा देवीची जत्रा भरे, आसपासच्या गावांचे लोक येत, आणि पूजा करून परत जात. उन्हाळ्यात गुराखी गुरे घेऊन येत व पाऊस-थंडीपूर्वी उतरत. वस्ती अशी नव्हती.

हा केवळ देवभोळेपणा होता असे समजण्याची घाई करू नये. कुमाऊँतील जुनी गावे कोठे आहेत हे नकाशावर नव्हे, चालत पाहावे. ती बहुधा डोंगराच्या मध्यावर, पुढे आलेल्या एखाद्या भक्कम सोंडेवर, उन्हाच्या अंगाला असतात. खाली पायऱ्यापायऱ्यांची शेते, वर बांज वृक्षांचे राखलेले रान, आणि जवळच दगडांनी बांधलेला झरा. त्या झऱ्याच्या चौकोनी कुंडीस ते नौला म्हणतात. नौल्याच्या पाण्यावर गावाचा आकार ठरतो. पाणी थोडे असेल तर गाव थोडक्यातच राहते. दरीच्या तळाशी किंवा तुटक्या उताराखाली कोणी घर बांधीत नाही. थंडीत कित्येक कुटुंबे गुरेढोरे घेऊन खाली भाबरात, म्हणजे पायथ्याच्या जंगलपट्टीत, उतरत आणि उन्हाळ्यात वर येत. तात्पर्य, कोठे राहावे, केव्हा राहावे आणि कोठे फक्त जाऊन यावे, ह्यांचा विचार त्या लोकांनी शेकडो वर्षे केलेला होता. नैनीताल हे त्यांच्या हिशेबात जाऊन येण्याचे स्थळ होते.

ह्या ठिकाणी मराठी वाचकास एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कुमाऊँतील पंत घराणी आपले मूळ महाराष्ट्रात सांगतात. त्यांचा मूळ पुरुष जयदेव पंत कोकणातून तीर्थयात्रेच्या निमित्ताने त्या पहाडात आला आणि तेथील राजाच्या आश्रयाने राहिला, अशी त्यांची परंपरा आहे. १८८७ साली अल्मोड्याजवळील खूंट गावी जन्मलेले गोविंद वल्लभ पंत ह्यांचे घराणे त्यांतलेच. परंपरेचा प्रत्येक तपशील इतिहासाच्या कसोटीस उतरेल असे नाही. तरी कोकणातून हिमालयात स्थलांतर केलेल्या माणसांची ही आठवण इतकी शतके टिकली, हे खरे. आणि आमच्या स्नेह्यांच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ते आले तेव्हा त्यांनी देखावा पाहून माळावर घर बांधले नाही. राजाने दिलेल्या गावात, तेथल्या लोकांमध्ये, तेथल्या नौल्याचे पाणी पिऊन ते राहिले, आणि दोनचार पिढ्यांत कुमाऊँनी झाले.

आता बॅरनकडे वळू. शहाजहानपूरजवळ रोझा येथे साखरेचा आणि मद्याचा व्यापार करणारा हा इंग्रज गृहस्थ भटकंतीचा मोठा शौकीन होता. 'यात्रेकरू' ह्या अर्थाच्या 'पिलग्रिम' ह्या टोपणनावाने त्याने हिमालयातील आपल्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. ते १८४४ साली प्रसिद्ध झाले. ह्या डोंगरात एक मोठे सरोवर आहे अशी कुणकुण लागून १८४१ च्या नोव्हेंबरात तो निघाला. वाटेवरच्या लोकांना विचारावे तर ते म्हणत, असे सरोवर नाहीच. वाटाड्याही तेच म्हणे. तेव्हा बॅरनने एक युक्ती केली. एक जड दगड त्या वाटाड्याच्या डोक्यावर ठेवून तो म्हणाला, "नैनीतालला दगड मिळत नाहीत, आणि मला तेथे घर बांधावयाचे आहे. हा दगड तेथवर नीट घेऊन चल, फोडू नकोस." बिचारा काही अंतर चालला आणि भाराने बेजार होऊन बोलून गेला की नैनीतालला दगडांचा काय तोटा, हवे तेवढे आहेत! ठाऊक नाही म्हणणाऱ्याला एवढे ठाऊक कसे? झाले. मुकाट्याने वाट दाखविणे त्यास भाग पडले.

ही हकीकत बॅरन मोठ्या खुषीने सांगतो आणि नंतरच्या बहुतेक लेखकांनी ती तशाच खुषीने उद्धृत केली आहे. विनोद आहे खरा. पण दगड कोणाच्या डोक्यावर होता तेही पाहिले पाहिजे. त्या वाटाड्याचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. नैनीतालच्या बांधकामातला तो पहिला दगड, आणि तो वाहणारा पहिला हमाल.

पुढील वर्षी, १८४२ च्या अखेरीस, बॅरन पुन्हा आला. ह्या वेळी त्याने एक नाव माणसांकरवी डोंगर चढवून सरोवरात सोडविली. त्या परिसराच्या जमिनीवर हक्क सांगणारा नरसिंह नावाचा थोकदार होता. सरोवर देवीचे आहे आणि भोवतालची जमीन आपली आहे, असे तो म्हणे, आणि घरे बांधण्यास त्याची संमती नव्हती. बॅरनने त्याला नावेत बसण्याचा आग्रह केला. तशी नाव त्या पाण्यावर पूर्वी कोणी पाहिलेली नव्हती. कुतूहलाने म्हणा की भिडेने म्हणा, नरसिंह बसला. नाव मध्यावर, खोल पाण्यात आल्यावर बॅरनने खिशातून टिपणवही व पेन्सिल काढली आणि सांगितले की ह्या जागेवरील सर्व हक्क सोडल्याचे येथेच लिहून दे, नाही तर बुडण्याची तयारी ठेव. नरसिंहाने लिहून दिले. काठावर उतरल्यावर तो कागद अधिकाऱ्यांना दाखवून पुष्कळ हशा झाला. पुढे नरसिंहाला त्याच भागाचा पटवारी नेमले, असेही सांगतात. म्हणजे जी जमीन तो आपली म्हणत होता तिचीच मोजणी व वसुली लिहिण्याचे काम त्याच्या वाट्यास आले.

अशा रीतीने निवड झाली. साताऱ्याच्या करारावर राजाची मुद्रा होती, दार्जिलिंगच्या लेखात मैत्रीचा शब्द होता, आणि नैनीतालच्या टिपणवहीत पाण्याच्या मध्यभागी पेन्सिलीने केलेली सही होती.

एकदा वाट फुटल्यावर वस्तीला वेळ लागला नाही. बॅरनने 'पिलग्रिम लॉज' बांधले. त्याच सुमारास कमिशनर लशिंग्टन ह्याने बाजाराची व सरकारी इमारतींची आखणी केली. बिशप डॅनियल विल्सनने १८४४ साली चर्चची जागा नेमली आणि चार वर्षांत चर्च उभे राहिले. मोतीराम साह ह्या स्थानिक ठेकेदाराने काठावर नैनादेवीचे मंदिर बांधले. १८५७ च्या धामधुमीत रोहिलखंडातून पळालेल्या गोऱ्या कुटुंबांना ह्या गावात आसरा मिळाला, आणि तेव्हापासून हे स्थळ सुरक्षित आहे अशी त्यांची पक्की समजूत झाली. १८६२ साली ते वायव्य प्रांताच्या सरकारची उन्हाळी राजधानी झाले. त्याच वर्षी एक पोस्टमास्तर आपल्या मोठ्या कुटुंबासह तेथे राहावयास आला. त्याचे नाव ख्रिस्तोफर कॉर्बेट. पुढे नरभक्षक वाघांचा शिकारी आणि लेखक म्हणून ख्याती पावलेला जिम हा त्याचा मुलगा, १८७५ साली तेथेच जन्मला.

येथे गावाची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व कथा तिच्यात आहे. सरोवर लांबट, सुमारे साडेसहा हजार फुटांवर, डोंगरांच्या कढईत. नैऋत्येस अयारपाट्याचा डोंगर. त्याचा सरोवराकडील उतार सूर्याकडे पाठ करून उभा, दाट झाडीचा, दमट आणि हिवाळ्यात गारठलेला. समोर ईशान्येस शेर-का-डांडा. त्याच्या उतारावर दिवसभर ऊन, खाली सरोवराचा पूर्ण देखावा. घर निवडणाऱ्याने कोणती बाजू निवडावी हे सांगावयास हवे काय? उन्हाची बाजू सर्वांनी निवडली. अल्मा टेकडी, तिच्याखाली व्हिक्टोरिया हॉटेल, काठावर सभागृह व नाचघर, मंदिर, दुकाने. परंतु अयारपाटा हा मुख्यतः चुनखडीच्या भक्कम दगडाचा, तर शेर-का-डांडा पाटीसारख्या थराथरांच्या, चुरलेल्या, पाणी शिरताच निसटणाऱ्या खडकाचा. सरोवराच्या बुडातूनच भूकवचाची एक भेग जाते. ही माहिती बॅरनला असणे शक्य नव्हते. भूगर्भशास्त्र त्या वेळी बाल्यावस्थेत होते. परंतु तुटलेला उतार ओळखण्यास शास्त्रच लागते असे नाही. तेथील गुराख्याला ते कळत असावे. त्याला विचारण्याची प्रथा नव्हती, आणि विचारले तर डोक्यावर दगड ठेवून.

उतारावर घर बांधावयाचे म्हणजे डोंगर आत कापून सपाट जागा करावयाची, निघालेली माती बाहेर लोटावयाची, झाडे तोडावयाची, आणि घराकडे रस्ता न्यावयाचा. रस्ता म्हणजे आणखी एक काप. अशी शेकडो कापे त्या उतारावर पडली. १८६६ साली अल्मा टेकडीवर पहिली दरड कोसळल्याची नोंद आहे. डोंगराच्या सुरक्षिततेसाठी समिती नेमण्यात आली. काही सूचना झाल्या. घरे बांधणे चालूच राहिले. १८७९ साली त्याच जागी दुसरी, मोठी दरड आली. तरीही कोणी गाव सोडले नाही. जागेचे भाव चढत होते, आणि भाव चढत असता धोका दिसत नाही, हा काही त्या शतकापुरता अनुभव नव्हे.

१८८० च्या सप्टेंबरात, गुरुवार ता. १६ पासून, पाऊस लागला. शनिवारी सकाळपर्यंतच्या चाळीस तासांत वीस ते पस्तीस इंच पाऊस पडला, असा जुन्या गॅझेटियरचा अंदाज आहे. शनिवारी, १८ तारखेस, सकाळी दहाच्या सुमारास व्हिक्टोरिया हॉटेलामागील उताराचा एक तुकडा खचून हॉटेलाच्या बाजूच्या भागावर आला. एक इंग्रज मूल, त्याची दाई आणि काही हिंदी नोकर त्याखाली गाडले गेले. मदतीस माणसे धावली. गोरे शिपाई, अधिकारी, मजूर, सारे भर पावसात माती उपसू लागले. वृद्ध कमिशनर सर हेन्री रॅम्झे स्वतः देखरेखीस होता. तीन तास हे काम चालले. दुपारी दीडच्या आधी थोडा वेळ, मोठा आवाज झाला आणि साऱ्या टेकडीचा उतार, झाडांसकट, सुटून खाली आला. हॉटेल, मंदिर, दुकाने, सभागृह ह्यांचा काही क्षणांत रगडा झाला, आणि तो रगडा सरोवरात गेला. पाण्याची जी लाट उठली तिने पलीकडच्या टोकाशी माणसे ओढून नेली. रॅम्झे कमरेइतक्या पाण्यातून कसाबसा निसटला.

मृत व बेपत्ता मिळून आकडा १५१ झाला. त्यांत ४३ युरोपीय व युरेशियन, १०८ हिंदी. पहिल्या दरडीत सापडलेली माणसे थोडी होती. त्यांना काढावयास गेलेली पुष्कळ. ह्या दुर्घटनेचा विचार करताना मला नेहमी वाटते की, तीन तास तेथे चिखल उपसणाऱ्या माणसांच्या धैर्यास तोड नाही, आणि त्यांना त्या उताराखाली उभे करणारी निवड मात्र चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच कोणी, उन्हाच्या आणि देखाव्याच्या मोहाने केली होती. चर्चमध्ये मृत युरोपीयांची नावे पितळी पट्टीवर कोरलेली आहेत. १०८ माणसांची नावे एकत्र कोठे लिहिलेली माझ्या पाहण्यात आली नाहीत. त्यांतले कितीएक खेड्यांतून मजुरीस आलेले असणार.

मजुरीचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. पहाडी शहर ही एक वाहून आणलेली वस्तू असते. काठगोदामपर्यंत आगगाडी १८८४ साली आली. तेथून वर सर्व काही, पियानो, बिलियर्डचे टेबल, आजारी मडम, हे माणसांच्या पाठीवरून वा खांद्यावरून जाई. सरकारी अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांचा आणि प्रवाशांचा भार वाहण्यास गावकऱ्यांना कायद्याने बांधलेले होते. त्यास कुली-उतार म्हणत. आपल्याकडील वेठीचाच तो प्रकार. प्रत्येक गावाच्या प्रधानाजवळ वह्या असत आणि कोणाची पाळी केव्हा हे त्यांत लिहिलेले असे. १९२१ च्या जानेवारीत मकरसंक्रांतीच्या जत्रेला बागेश्वर येथे हजारो लोक जमले असता, बद्रीदत्त पांडे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली त्या वह्या शरयूच्या प्रवाहात फेकून देण्यात आल्या, आणि वेठ संपली. बॅरनच्या वाटाड्याच्या डोक्यावरचा दगड उतरावयास ऐंशी वर्षे लागली, असे म्हणण्यास हरकत नाही.

दरडीनंतर काय झाले? गाव ओस पडले नाही. काही कुटुंबांनी बाजू बदलली. जिमची आई मेरी जेन ही विलक्षण व्यवहारी स्त्री होती. जुने घर मोडून, उपयोगी सामान हलवून, तिने समोरच्या अयारपाट्यावर 'गर्नी हाउस' उभारले. गारठा पत्करला, पण डोंगर भक्कम घेतला. सरकारनेही धडा घेतला, आणि इंग्रजी राजवटीचे श्रेय येथे नाकारता येत नाही. साऱ्या उतारांवर दगडी पन्हळ्यांचे जाळे बांधण्यात आले, पावसाचे पाणी जमिनीत न मुरता थेट सरोवरात यावे म्हणून. मिडलमिस ह्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८९० साली नैनीतालच्या खडकांचा विवरणपूर्ण अहवाल प्रसिद्ध केला. धोक्याच्या उतारांवर बांधकामास बंदी झाली. खुद्द लाटसाहेबाचे निवासस्थान डोंगर खचण्याच्या भीतीने हलवावे लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरोवराच्या दक्षिणेकडील बाजूस नवे उभारले गेले. तरीही १८९८ साली सरोवराचे पाणी जेथून बाहेर पडते त्या बलिया नाल्याच्या दरीत पुन्हा दरड कोसळून मद्याच्या कारखान्यातील माणसे दगावली. तो नाला अद्यापही आपले काठ खात आहे.

जिम कॉर्बेटने १९४७ च्या अखेरीस 'गर्नी हाउस' विकले आणि बहिणीसह तो केनियात न्येरी येथे जाऊन राहिला. तेही उंचावरचे, थंड हवेचे गाव. परक्या भूमीतील डोंगर निवडण्याची सवय काही केल्या सुटत नाही. त्याच्यामागे नैनीताल आपल्या लोकांचे झाले, आणि आपल्या लोकांनीही तेच केले. ज्या उतारांवर बांधू नये असे जुने नियम होते त्यांवर चार-चार मजले चढले. पन्हळ्यांवर फरशा टाकून दुकाने थाटली. सरोवरास जमिनीखालून पाणी पुरविणाऱ्या सुखातालच्या खळग्यात घरे झाली. प्रा. अजय रावत ह्यांनी ह्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९९५ साली न्यायालयाने सरोवराच्या रक्षणार्थ आदेश दिले. नवे राज्य झाल्यावर २००० साली उच्च न्यायालयच नैनीतालला आले, आणि गावावरील भार आणखी वाढला. नैनीतालपुरतीच ही गोष्ट नाही. जोशीमठ गाव जुन्या दरडीच्या ढिगावर वसलेले आहे, तेथे जड बांधकाम करू नये, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ सालीच दिला होता. २०२३ च्या जानेवारीत तेथील शेकडो घरांना भेगा पडल्या आणि लोकांना घरे सोडावी लागली. शंकराचार्यांच्या पीठाजवळ राहणारी ती माणसे काही हवापालटासाठी आलेली नव्हती, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

महाबळेश्वराचा आणखी एक विशेष ह्या संदर्भात आठवतो. तेथे वर्षाला अडीचशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून साहेब लोक जूनच्या मध्यापूर्वीच खाली उतरत आणि पाऊस संपल्यावर परत चढत. पावसाळ्यात पठारावर राहत ते कुणबी, कोळी, धनगर, ज्यांची घरे त्या पावसासाठीच बांधलेली असत. आपण ह्या डोंगराचे बारमाही रहिवासी नाही, हे निदान तेथे ऋतूच दरसाल बजावीत असे. नैनीतालच्या सौम्य उन्हाळ्याने ती ताकीद कोणास दिली नाही.

हे सर्व मी आमच्या स्नेह्यांना सांगितले. त्यांना ते फारसे आवडले नसावे, तरी सप्टेंबरात ते मला घेऊन नैनीतालला गेले. मल्लीतालच्या मैदानात आम्ही बराच वेळ बसलो. मुले खेळत होती, फुगे विकणारे होते, पलीकडे १८८३ साली पुन्हा बांधलेल्या नैनादेवीच्या मंदिरातील घंटा वाजत होती. ते मैदान १८८० च्या दरडीतील मातीने रुंदावलेले आहे, हे मी त्यांना तेथे सांगितले नाही. सांगावेसे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी दलालाने एक घर दाखविले. ऊन उत्तम, देखावा संपूर्ण. घरापाशी एक म्हातारा चौकीदार होता. माझ्या स्नेह्यांनी त्याला सहज विचारले की त्याचे स्वतःचे घर कोठे. त्याने दूरच्या एका सोंडेकडे हात केला. दिवसभराची वाट. घरी कोणी आहे काय, तर म्हातारी आहे, दोन गाई आहेत. येथेच का आणीत नाही? तो म्हणाला, "इथे नोकरी आहे, साहेब. घर तिकडे आहे." एवढेच. त्यात त्याला काही विशेष सांगावयाचे होते असे मला वाटले नाही. दलाल घड्याळ पाहत होता.

परतल्यावर आमच्या स्नेह्यांनी तो मोठा कागद पुन्हा काढला आणि उंची व थंडीचे मान ह्यांच्या आधी एक नवा रकाना आखला: पावसाळ्यात पाणी कोठून वाहते? आठपैकी दोन गावांपुढे त्यांनी काही लिहिले आहे. उरलेल्या सहांसाठी ते येत्या श्रावणात, छत्री घेऊन, स्वतः जाणार आहेत.